अभंगाच्या वाटेवरील ख्रिस्तभक्त : नारायण वामन टिळक

आषाढीच्या पर्वावर या पानातून संतचरित्रे वाचण्याची आपली परंपरा आहे. आज ज्या पुरुषाचे चरित्र मी सांगणार आहे, तो स्वधर्म सोडून गेला. तरी पंढरीच्या वाटेशी त्याचा आणि त्याच्या घराचा जो संबंध आला, तो ध्यानी घेता हा विषय पर्वास विसंगत ठरू नये.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील तापट, आई जानकीबाई मायाळू आणि काव्याची आवड असलेली. ती माउली मुलाच्या बालपणीच निवर्तली आणि नारायण घराबाहेर पडला. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. याच काळात नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेविले. पुढे नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. कविता, नाटक, वक्तृत्व, सर्व काही होते. पण चित्तास स्वस्थता नव्हती. जातिभेदाने फाटलेला समाज एक कसा होईल, हा प्रश्न त्यांना छळत असे.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. आरंभी बोलणे झाले ते संस्कृत काव्याविषयी. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. त्यातील ख्रिस्ताचे डोंगरावरील प्रवचन वाचले आणि त्यांचे मन तेथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचे मोल टिळकांनी दिले, त्याहून अधिक लक्ष्मीबाईंनी दिले, हे मला स्पष्ट म्हटले पाहिजे. पती जिवंत असता तिचा संसार मोडला. लहानग्या दत्तूस घेऊन ती बहिणीच्या आधाराने पंढरपुरास राहिली. चंद्रभागेच्या काठी सोवळेओवळे सांभाळीत, लोकांचे बोल ऐकत तिने दिवस काढले. सत्य शोधावयास निघालेल्या पुरुषांची चरित्रे आम्ही कीर्तनात रंगवून सांगतो. मागे राहिलेल्या स्त्रीपाशी मात्र आमचे आख्यान क्वचितच थांबते. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीत टिळकांनी दुसरा संसार थाटला नाही, पत्रे लिहीत राहिले. पुढे ती पतीकडे आली, तेव्हाही तिचा स्वयंपाक, तिचे पाणी निराळेच होते. टिळकांनी त्यास आडकाठी केली नाही. जातिभेद देवाने केलेला नव्हे, हे तिचे तिलाच उमगले. १९०० मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला. धर्मोपदेश करणाऱ्याने आपल्या घरात इतका धीर धरावा, हे सामान्य नव्हे.

टिळकांचे वास्तव्य पुढे मुख्यतः अहमदनगर आणि राहुरीकडे झाले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दुष्काळातील अनाथ मुले घरी येत, प्लेगात सेवा घडे. हातचा पैसा दुसऱ्याच्या अडचणीत जाई आणि मग चुलीची चिंता लक्ष्मीबाईंनी करावी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाने बालकवी म्हणून गौरविलेला त्र्यंबक ठोंबरे याच घरी पुत्रासारखा राहिला.

आता माझ्या व्यवसायाची गोष्ट. त्या काळी ख्रिस्ती उपासनेत बहुधा इंग्रजी चालींवर बेतलेली गीते म्हणत. नगर जिल्ह्यातील खेडुतांच्या कंठास ती चाल बसणे कठीण, आणि शब्द तर भाषांतराने अवघडलेले. टिळकांनी अभंग, ओवी, पदे यांत ख्रिस्तभक्ती आणिली. ख्रिस्ती कीर्तन त्यांच्यापूर्वीही होत असे, पण त्यास खऱ्या कवीची वाणी त्यांनी दिली. ख्रिस्तास त्यांनी माउली म्हणून हाक मारिली, गुरू म्हटले, सखा म्हटले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिल्यावर मी इतके निश्चित जाणतो की, श्रोत्यांच्या भाषेत हृदय ओतल्यावाचून निरूपण ठरत नाही. टिळकांना हे पुरते ठाऊक होते. मराठी चर्चमधील 'उपासनासंगीता'चा मोठा भाग त्यांच्याच पदांनी भरलेला आहे. त्यांचा सिद्धांत आपल्यास मान्य नसेल, मलाही नाही. पण ती आर्तता परकी वाटत नाही.

१९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. मिशनचा परदेशी थाट मात्र त्यांना अखेरपर्यंत मानवला नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि वेतन सोडून ते साताऱ्यास गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांस तेथे बंधू म्हणून जागा असावी, ही कल्पना. मिशनऱ्यांना ती रुचणे कठीण होते, आणि आपल्या लोकांनी तर त्यांना कधीच टाकिले होते! दरबार नीट भरण्यास काळ हवा होता. तो मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

ख्रिस्ताचे चरित्र 'ख्रिस्तायन' या नावाने मराठी काव्यात गाण्याचा त्यांचा संकल्प होता. आरंभीचे थोडे अध्यायच लिहून झाले. उरलेला ग्रंथ लक्ष्मीबाईंनी रचावयास घेतला. रीतसर शाळा न शिकलेल्या त्या बाईने एकीकडे 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि दुसरीकडे पतीचे काव्य अध्यायामागून अध्याय पुढे नेले. १९३६ मध्ये त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आले १९३८ मध्ये.