भयकथेला सूर देणारे संगीतकार : कार्ल मारिया फॉन वेबर

५ जून हा जर्मन संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर यांचा स्मृतिदिन. १८२६ साली याच दिवशी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, लंडन येथे त्यांचे निधन झाले. नववधूचा बळी आणि नायकाचे वेड यांनी संपणारी एक भीषण भूतकथा त्यांनी संगीत रंगभूमीवर आणली आणि जर्मन संगीतनाट्याला नवे वळण दिले.

वेबर यांचा जन्म नोव्हेंबर १७८६ मध्ये उत्तर जर्मनीतील ऑयटिन या गावी झाला. त्यांचे वडील फिरती नाटक मंडळी चालवत, तर आई गायिका होती. संगीतकार मोझार्ट यांची पत्नी कॉन्स्टान्झ ही त्यांची चुलत बहीण. कमरेच्या सांध्यातील जन्मजात दोषामुळे वेबर यांना चार वर्षांचे होईपर्यंत चालता येत नव्हते आणि पुढेही ते लंगडतच चालत. ते ११ वर्षांचे असताना आईचे क्षयरोगाने निधन झाले.

वयाच्या १७ व्या वर्षी ब्रेस्लाऊ येथील नाट्यगृहाचे संगीत संचालकपद त्यांना मिळाले. तेथे बाटलीत ठेवलेले ॲसिड मद्य समजून प्यायल्याने त्यांचा गोड आवाज कायमचा गेला. पुढे श्टुटगार्टच्या राजघराण्यात चिटणीस म्हणून काम करत असताना पैशांच्या व्यवहारावरून त्यांना अटक झाली आणि १८१० साली वडिलांसह त्यांना त्या राज्यातून हद्दपार करण्यात आले.

त्याच वर्षी हायडेलबर्गजवळ एका मित्राच्या सहवासात असताना नुकताच प्रसिद्ध झालेला भूतकथांचा एक संग्रह त्यांच्या हाती पडला. योहान आउगुस्ट आपेल आणि फ्रिडरिश लाउन यांच्या या संग्रहातील पहिलीच कथा होती, डेर फ्रायश्युट्झ. मंतरलेल्या गोळ्यांनी नेम साधणारा शिकारी, असा या नावाचा अर्थ. वनाधिकाऱ्याच्या मुलीशी विवाह करण्यासाठी एका तरुणाला नेमबाजीची परीक्षा द्यावयाची असते. अपयशाच्या भीतीने तो मध्यरात्री सैतानाच्या साहाय्याने गोळ्या ओततो. परीक्षेच्या दिवशी गोळी सुटते ती थेट वधूच्या कपाळात शिरते. वधू जागीच मरण पावते आणि तरुणाचा अखेर वेड्यांच्या इस्पितळात अंत होतो.

कथेने वेबर यांच्या मनाची पकड घेतली. परंतु ती रंगमंचावर आणण्याची संधी मिळण्यास सात वर्षे लागली. १८१७ साली ड्रेस्डेन येथे जर्मन संगीतनाट्य विभागाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथील दरबारावर त्या वेळी इटालियन ऑपेराचा प्रभाव होता. वेबर यांना मात्र जर्मन भाषेतील, जर्मन लोकजीवनाशी नाते सांगणारे नाटक हवे होते. वकील व लेखक फ्रिडरिश किंड यांनी अल्पावधीत संहिता लिहून दिली. आपल्याकडील संगीत नाटकाप्रमाणे तिच्यात गद्य संवाद आणि गाणी आलटून पालटून येतात.

कथेचा शेवट जसाच्या तसा ठेवावा का, हा मुख्य प्रश्न होता. निरपराध वधूचा मृत्यू वाचकाला हादरवतो. परंतु सायंकाळभर तिची गाणी ऐकलेल्या प्रेक्षकांसमोर तो घडवणे वेगळे. किंड आणि वेबर यांनी शेवट बदलला. संन्याशाने दिलेल्या गुलाबांच्या हारामुळे वधू आगाथे बचावते आणि नायक माक्सला या मार्गाला लावणारा कास्पर त्या गोळीला बळी पडतो. माक्सला वर्षभर आपले आचरण सिद्ध करावे लागते आणि नेमबाजीच्या परीक्षेची प्रथाच बंद होते. अशा प्रकारे शिक्षा निरपराधाकडून अपराध्याकडे वळली. मूळ संहितेचा प्रारंभ संन्याशाच्या प्रवेशाने होत होता. वेबर यांची वाग्दत्त वधू, गायिका कारोलिने ब्रांट, हिच्या सल्ल्यावरून तो भाग वगळण्यात आला आणि नाटक गावकऱ्यांच्या जल्लोषाने सुरू झाले.

शेवट सौम्य झाला तरी मधल्या भागातील भय वेबर यांनी तसूभरही कमी केले नाही. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस लांडग्यांच्या दरीत सात गोळ्या ओतल्या जातात. त्यांपैकी सहा नेम साधतील, सातवी मात्र सैतानाच्या इच्छेने जाईल, असा करार असतो. येथे तारवाद्ये दबक्या आवाजात थरथरतात, क्लॅरिनेट खालच्या स्वरांत घुमते आणि कुठेही न विसावणारा अस्थिर स्वरमेळ पुन्हा पुन्हा येतो. सैतानाचा अवतार समिएल गात नाही, केवळ बोलतो. कास्पर एकेक गोळी मोजतो आणि दरी तो आकडा परत उच्चारते. प्रत्येक गोळीगणिक वादळ वाढत जाते. हिंसेचे दृश्य दाखवण्याऐवजी तिची चाहूल वाद्यवृंदाकडे सोपवण्याची ही रीत पुढील पिढ्यांनी उचलली.

१८ जून १८२१ रोजी बर्लिनच्या नव्या नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. पडदा उघडण्यापूर्वीच्या वाद्यसंगीतालाच वन्स मोअर मिळाला. काही वर्षांतच हे नाटक युरोपभर पोहोचले. पॅरिसमध्ये १८२४ साली त्याचे मोडतोड केलेले रूपांतर अमाप चालले. मात्र त्यातून वेबर यांना मोबदला मिळाला नाही.

एव्हाना वेबर यांनाही क्षयाने ग्रासले होते. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाने नव्या संगीतनाटकाची मागणी केली. विश्रांती घेतल्यास आणखी काही वर्षे मिळतील, असे डॉक्टरांनी सांगितले होते. परंतु आपल्यामागे पत्नी व मुलांची सोय व्हावी म्हणून त्यांनी प्रवास पत्करला. त्यासाठी ते इंग्रजी शिकले. ओबेरॉन हे नाटक १२ एप्रिल १८२६ रोजी त्यांच्याच संचालनाखाली रंगमंचावर आले. घरी परतण्याची तयारी सुरू असतानाच त्यांचा मृत्यू झाला. १८४४ साली संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्या पुढाकाराने त्यांचे अवशेष ड्रेस्डेनला आणण्यात आले.

१९९० साली हॅम्बुर्ग येथे रॉबर्ट विल्सन, टॉम वेट्स आणि विल्यम बरोज यांनी याच कथेवर द ब्लॅक रायडर हे संगीत नाटक सादर केले. त्यात वधू मरते आणि नायक वेडा होतो. तब्बल १८० वर्षांनी मूळ शेवट असा संगीत रंगभूमीवर परतला. वेबर यांनी मात्र आपल्या आगाथेला जगवले होते आणि जर्मन नाट्यगृहांतून ती आजही गात आहे.