वऱ्हाडची ताराबाई

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची थोरवी पुण्यामुंबईकडील विद्वानांनी आता मान्य केली आहे. अकोला-उमरावतीच्या पेढ्यांवर बसणाऱ्या आमच्या गृहस्थांस मात्र या बाई कोण, हे अद्याप सांगावे लागते, याची आम्हांस लाज वाटते.

बाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असून सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनी कन्येस घरीच विद्या दिली. विवाह मात्र रूढीप्रमाणे लहानपणीच झाला. जावई घरी राहिला, अपत्य झाले नाही. अमेरिकेत गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला होता. त्याच मंडळीच्या सहवासात वाढलेल्या या बाईने दास्याचा तो प्रश्न थेट आपल्या माजघरात आणून उभा केला.

निमित्त सुरतेच्या खटल्याचे. विजयालक्ष्मी नामक तरुण ब्राह्मण विधवेस स्वतःचे अर्भक मारल्याबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती उतरून काळ्या पाण्यावर आली. कायद्याने खून तो खूनच, हे आम्ही वकिलीच्या धंद्यातील माणसे नाकारीत नाही. परंतु कोर्टापुढे आरोपी एकटीच होती. गर्भाचा दुसरा धनी कोठे होता? विधवाविवाह १८५६ पासून कायदेशीर असता तो होऊ न देणारी जात कोणत्या पिंजऱ्यात उभी राहिली? वर्तमानपत्रांनी तर समग्र स्त्रीजातीच्या दुराचारावर प्रवचने झोडली.

त्यांस उत्तर म्हणून १८८२ साली पुण्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे लहानसे पुस्तक छापून निघाले. किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषाच्या अंगी किती आहे, याचा झाडाच बाईंनी त्यात घेतला. बायको मेल्यावर पुरुषाने पुन्हा बोहल्यावर चढावे आणि नवरा मेल्यावर बाईने कोपऱ्यात बसावे, हा न्याय कोणत्या देवाचा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. देवादिकांस व शास्त्रकारांसही त्यांनी सोडले नाही. सुधारणेची भाषणे ठोकून घरी काहीच न करणाऱ्यांस तर मुळीच नाही. भाषा घरगुती, पण फटका असा की आजही वाचताना कान गरम होतात.

पुस्तकावर टीका झाली, आणि तीत सत्यशोधकांपैकीही काही जण सामील होते! जोतीरावांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये बाईंचा पक्ष घेऊन आपल्याच माणसांची कानउघाडणी केली. बाईंनी दुसरे पुस्तक लिहिले नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या.

येथे आमच्या व्यापारी वाचकांस थोडे खटकेल असे लिहितो. १९५६ च्या कायद्याने हिंदु विधवेस पतीच्या मिळकतीत पूर्ण मालकीचा वाटा दिला आहे. तरी तेराव्याचे जेवण आटोपण्यापूर्वी भावजयीपुढे हक्कसोडपत्र ठेवणारी प्रतिष्ठित घरे याच प्रांतात आहेत, आणि तो कागद आमच्यासारखे वकीलच लिहून देतात.

बाईंचे पुस्तक पुढे लोकांच्या विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापविले, तोवर ९३ वर्षे लोटली होती.