पीटर लॉलर : एका लोकनायकाचे चरित्र

१८५३ साली आपल्या वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. त्याच्या पुढील वर्षी दूर ऑस्ट्रेलियात इंग्रजांच्याच अंमलाखालील कष्टकऱ्यांनी जुलमी कराविरुद्ध जो लढा दिला, त्याचा पुढारी एक आयरिश कॅथलिक तरुण होता. त्याचे चरित्र मनन करण्याजोगे आहे.

पीटर लॉलर यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८२७ रोजी आयर्लंडात झाला. वडील ब्रिटिश पार्लमेंटाचे सभासद होते. वडील बंधू जेम्स फिंटन कुळांच्या हक्कांकरिता झटले. पुढे बटाट्याच्या दुष्काळाने देश उजाड झाला. इकडे १८५१ साली व्हिक्टोरिया वसाहतीत सोने सापडले, आणि जगभरातून माणसांची रीघ लागली. शिक्षणाने इंजिनिअर असलेले पीटर १८५२ साली भावासह तेथे गेले व पुढे बॅलरट येथे खाणकाम करू लागले.

सोने सापडो वा न सापडो, खाणकऱ्यास परवान्याचे शुल्क भरावेच लागे. मताचा अधिकार मात्र त्यास नव्हता. पोलीस परवाने तपासताना माणसांस जनावरांप्रमाणे हाकीत. तेथील धर्मगुरू फादर पॅट्रिक स्मिथ यांच्या पंगू सेवकासही त्यांनी मारहाण केली. अखेर खाणकऱ्यांनी पीटर यांस पुढारी निवडून युरेका येथे लाकडी कोट उभारला. शस्त्रे खाली ठेवावीत म्हणून फादर स्मिथ यांनी कळकळीने विनविले, परंतु व्यर्थ! ३ डिसेंबर १८५४ रोजी, रविवारी पहाटे, सैन्य चालून आले व वीसांहून अधिक खाणकरी प्राणास मुकले. घायाळ पीटर यांस त्याच फादरांनी आपल्या घरी आसरा दिला. तेथेच त्यांचा डावा हात कापावा लागला.

सरकारने त्यांस पकडून देणाऱ्यास २०० पौंडांचे इनाम लावले, तरी कोणी दगा दिला नाही. राजद्रोहाच्या आरोपातून तेरा खाणकरी निर्दोष सुटले. १८५५ साली परवाना वर्षास एका पौंडावर आला, मताधिकारही मिळाला, आणि पीटर स्वतः कायदेमंडळात निवडून आले. १८८० ते १८८७ पर्यंत ते तेथील विधानसभेचे अध्यक्ष होते. ९ फेब्रुवारी १८८९ रोजी ते निवर्तले.

तथापि एक गोष्ट झाकून ठेवणे उचित नव्हे. १८७३ साली क्लून्स येथील खाणीचे संचालक असताना, संपावर गेलेल्या मजुरांच्या जागी अल्प मजुरीवर चिनी मजूर आणण्याचा प्रयत्न त्यांच्या कंपनीने केला. स्वतः पीडित असताना न्याय मागणे त्यामानाने सोपे. हाती सत्ता व संपत्ती आल्यावर तोच न्याय दुबळ्यांस देणे, हीच खरी कसोटी होय. पीटर यांचे शौर्य आपण अंगी बाणवावे, आणि ही कसोटीही विसरू नये.