शंभराचा आकडा

रॉबर्ट कॉख म्हटलं की बारावीच्या बायोलॉजीतला क्षयाचा जंतू आठवतो आणि आपण पान उलटतो. मी सिव्हिलचा. मला हा माणूस खऱ्या अर्थाने भेटला तो पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना, वाळूच्या फिल्टरपाशी! तेव्हापासून तो मला आपल्यातलाच वाटतो.

आणि तसा तो आहेच. जन्म १८४३ चा, जर्मनीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावचा. वडील खाणीतले इंजिनिअर, पोरगा मात्र डॉक्टर झाला. वोल्स्टाइन नावाच्या आडगावी नोकरी करताना पेशंट तपासायच्या खोलीतच पडदा लावून त्याने प्रयोगशाळा थाटली. १८७६ मध्ये अँथ्रॅक्सच्या जंतूचं जीवनचक्र उलगडलं, १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला. १८८४ मध्ये कलकत्त्यात त्याला कॉलऱ्याचा जंतू तळ्याच्या पाण्यात सापडला. १८९० मध्ये मात्र क्षयावरचं त्याचं औषध साफ फसलं आणि भरपूर टीका झाली.

मला भावतो तो त्याच्या पुढचा कॉख. ऑगस्ट १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलरा पसरला आणि सरकारने त्याला तिथे पाठवलं. शहर श्रीमंत, बंदर भरभराटीचं, पण एल्ब नदीचं पाणी न गाळता थेट नळाला! फिल्टरची योजना होती, पण पैसे कुणी द्यायचे यावर नगरातल्या पुढाऱ्यांचा घोळ वर्षानुवर्षं चाललेला. परिणाम? साडेआठ हजारांच्या आसपास माणसं दगावली. शेजारचं आल्टोना तर नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेलं पाणी उचलणारं. पण त्यांनी वाळूच्या फिल्टरवर खर्च केला होता, म्हणून ते बरेचसे वाचले. दोन्ही शहरांच्या हद्दीवरच्या रस्त्यात तर एका बाजूला कॉलरा आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीच!

कॉख एवढ्यावर थांबला नाही. फिल्टर बांधला म्हणजे काम झालं, असं त्याने मानलंच नाही. १८९३ च्या सुरुवातीला कडाक्याच्या थंडीत आल्टोनाच्या फिल्टरचं काम बिघडलं, गाळलेल्या पाण्यातल्या जंतूंची संख्या वाढली आणि तिथेही कॉलऱ्याच्या केसेस झाल्या. म्हणून त्याने आग्रह धरला की प्रत्येक फिल्टरचं पाणी रोज वेगळं तपासायचं. एक घनसेंटिमीटर पाणी जिलेटिनमध्ये मिसळायचं, उगवलेले ठिपके मोजायचे. शंभराच्या वर गेले तर ते पाणी नळाला सोडायचं नाही. बस्स, इतकं साधं!

१९०५ मध्ये त्याला नोबेल मिळालं, १९१० मध्ये तो गेला. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, म्हणजे अँटिबायोटिक त्याने पाहिलंच नाही. पण आज अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू चिकनमध्ये, दुधात आहेत का हे शोधायला वापरतात ती पद्धत त्याच्याच घराण्यातली. बशीत जंतू वाढवायचे, वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या. चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसलं तर औषध चालतंय, जंतू चकतीला चिकटून वाढले तर संपलं! डेन्मार्कमध्ये १९९५ पासून जनावरं, अन्न आणि माणसं या तिघांमधल्या अशा जंतूंवर सतत नजर ठेवतात.

अडचण तंत्राची नाहीच, बजेटची आहे. पूल बांधला की फीत कापता येते, तपासणीचं काय कापणार? ती नीट चालली तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही म्हणून पुढच्या वर्षी पैसे कमी! नगरपालिकेचं सोडा, मेसच्या मीटिंगला मी दोन वर्षं बसतोय. फीस्टचा खर्च दोन मिनिटांत पास होतो, पाण्याच्या टेस्टचा विषय मात्र दर वेळी पुढच्या मीटिंगवर जातो.

उद्या आपल्यातले काही जण नगरपालिकेत इंजिनिअर होतील, एस्टिमेटवर सही करतील. तेव्हा बांधकामाच्या आकड्याखाली तपासणीची एक ओळ, दर वर्षीच्या खर्चासकट, न विसरता लिहा. आणि कुणी ती खोडायला लागलं तर त्याला हॅम्बुर्गची गोष्ट सांगा.