डॉ. विष्णू माधव घाटगे

मुलांनो, सायकल जोरात हाणली की वारा कसा तोंडावर बसतो! विमानाचंही तसंच असतं. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा सुमारे चौपट होतो. इंजिनाचा जोर आणि हा अडथळा सारखा झाला की वेग आणखी वाढत नाही.

हे शास्त्र डॉ. घाटगे यांनी जाणले. त्यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या खेड्यात झाला. जर्मनीत प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून ते १९३६ मध्ये डॉक्टर झाले. बंगळूरच्या विमान कारखान्यात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एच. टी. २' हे शिकाऊ वैमानिकांचे विमान बनवले. आपल्याच देशात आखलेले हे विमान १९५१ साली उडाले.

पुढे 'मरुत' या लढाऊ विमानाच्या कामातही ते होते. ते आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखले होते. अंग सडपातळ, पण तेवढ्या जोराचे इंजिन काही मिळाले नाही. १९६१ साली मरुत उडाले, पण त्याचा वेग आवाजाच्या वेगाच्या आसपासच राहिला. तरी १९७१ च्या लढाईत त्याने चांगली कामगिरी केली.

डॉ. घाटगे १९९१ साली वारले. खेड्यातलं पोरगं विमान बनवू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं.