वेळूंचे चित्रकार वेन तोंग

वेळू म्हटला कीं आपल्याकडील माणसास मांडव, शिडी नाहीं तर टोपली आठवते. चीन देशांतील विद्वानांस मात्र वेळूंत सज्जनाची प्रतिमा दिसत आली आहे. तो वाऱ्यापुढें वाकतो पण मोडत नाहीं, हिंवाळ्यांतही हिरवा राहतो, आणि आंतून पोकळ असल्यामुळें त्याच्या ठायीं गर्वास जागा नाहीं. अशा ह्या वेळूचें केवळ काळ्या शाईनें रेशमावर चित्र काढण्याच्या कलेस ज्यांनीं थोरवी आणून दिली, त्या वेन तोंग ह्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म सुंग घराण्याच्या अमदानींत, 1018 सालीं, सेचुआन प्रांतांत झाला. 1049 सालीं ते सर्वोच्च राजपरीक्षा उत्तीर्ण झाले, व पुढील सारें आयुष्य त्यांनीं सरकारी चाकरींत काढलें. 1070 च्या सुमारास दरबारांत राजकुलाच्या वारसाहक्काविषयीं वाद निघाला असतां त्यांनीं शास्त्राधार सोडला नाहीं, म्हणून त्यांचा हुद्दा एका पायरीनें उतरविण्यांत आला. तेव्हां त्यांनीं आपल्याच मुलुखाकडील जिल्हा मागून घेतला. त्या काळीं मुख्य प्रधान वांग आनशी ह्यांच्या सुधारणांमुळें अधिकाऱ्यांत दोन तट पडले होते. वेन तोंग ह्यांचे तरुण स्नेही, थोर कवि सू शी, हे विरोधी पक्षाचे. त्यांनीं कवितेंतून राज्यकारभारास टोमणे मारूं नयेत, असें वेन तोंग त्यांस वारंवार बजावीत, असें सांगतात. सू शी ह्यांनीं तें ऐकलें नाहीं.

आतां त्यांच्या कलेविषयीं. चित्रासाठीं रेशमाला सरस व तुरटी ह्यांचा हात देतात, म्हणजे शाई फुटत नाहीं. परंतु एकदां उमटलेला फटकारा पुसतां येत नाहीं. म्हणून वेन तोंग पेर पेर, पान पान जोडीत बसत नसत. अखंड वेळू आधीं अंतःकरणांत उभा राहिला पाहिजे, आणि तो दिसतांच कुंचल्यानें ससाण्याच्या झडपेप्रमाणें त्यास गांठलें पाहिजे, अशी त्यांची शिकवण होती. हातीं घेतलेलें काम आधींच मनांत पुरें असलेल्या मनुष्याविषयीं चिनी भाषेंत आजही ह्यावरूनच म्हण चालते. सू शी ह्यांनीं मात्र प्रांजळपणें लिहून ठेविलें कीं, हें तत्त्व आपणांस कळतें पण हात वळत नाहीं, आणि हा दोष अभ्यासाच्या अभावाचा. पानाची दर्शनी बाजू गडद शाईनें व पाठ फिकट शाईनें दाखविण्याची रीत वेन तोंग ह्यांनींच घातली, असें मानतात. त्यांच्या नांवावर असलेला एक रेशमी पट तैपेइ येथील राजवाडा संग्रहालयांत आहे. त्यांतील फांदी वरून खालीं झुकते आणि शेंड्याशीं पुनः वर उचलते.

प्रथम प्रथम चांगलें रेशीम दिसलें कीं त्यांस राहवत नसे. पाहुणे तीं चित्रें ओढून नेत, व ते कांहीं बोलत नसत. पुढें कीर्ति वाढली आणि रेशमाचीं थानें घेऊन लोकांची दाराशीं रीघ लागली. तेव्हां एके दिवशीं त्यांनीं तें रेशीम जमिनीवर फेकून दिलें व ह्याचे आपण पायमोजे शिवणार, असें बजावलें! ज्यांच्या दारीं सदोदित कोणी ना कोणी उभें असतें, त्या आम्हांस हा राग समजतो. आपली चित्रकला हें अस्वस्थ मनाचें दुखणें होतें, आतां तें बरें झालें, असें ते म्हणत.

मित्राशीं मात्र त्यांची थट्टा संपत नसे. यांगचौ येथें अधिकारावर असतां ते पत्नीसह युनतांग दरींतील वेळूवनांत गेले होते. संध्याकाळीं कोंबांची भाजी खात असतां सू शी ह्यांचें पत्र आलें. त्यांतील कविता ह्या कोंबखाऊपणावरच होती, आणि हंसतां हंसतां त्यांच्या तोंडांतला भात ताटाबाहेर उडाला. पुढें त्यांनीं दहा हजार फूट लांबीचा वेळू काढण्याची गोष्ट काढली. त्यास अडीचशें थान रेशीम लागेल, तें मलाच द्या, असें सू शी ह्यांनीं कळविलें. एवढें रेशीम मिळालें तर आपण शेत घेऊन म्हातारपणीं घरीं बसूं, असें त्यांचें उत्तर आलें, आणि सोबत युनतांग दरींतील झुकलेल्या वेळूचें चित्र आलें.

तें शेत झालें नाहीं. 1078 सालीं हूचौची नेमणूक झाली. पुढील वर्षाच्या आरंभीं वाटेंत चेनचौच्या धर्मशाळेंत ते एकाएकीं थांबले, स्नान केलें, पोशाख चढविला, आणि ताठ बसल्या बसल्या प्राण सोडला. ज्या गांवीं त्यांचें पाऊलही लागलें नाहीं, त्याच हूचौच्या नांवानें त्यांचा चित्रसंप्रदाय ओळखला जातो.

त्यांच्यामागून त्याच वर्षीं हूचौचा अधिकार सू शी ह्यांच्याकडे आला. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशीं ते चित्रपट उन्हांत घालीत होते. युनतांगचा वेळू हातीं लागला, तसा त्यांनीं तो गुंडाळला व मोठ्यानें रडले. मग त्यांनीं मित्राची सर्व हकीकत थट्टेसकट लिहून काढली. तीन आठवड्यांनीं राजधानीचे शिपाई येऊन कवितांतील टोमण्यांबद्दल त्यांस धरून घेऊन गेले.