मेंदूच्या लहरींचे संशोधक : डॉ. हान्स बेर्गर

जर्मनीतील कोबुर्ग शहरानजीक २१ मे १८७३ रोजी हान्स बेर्गर यांचा जन्म झाला. त्यांचे मातामह, कवी फ्रीडरिख र्‍यूकर्ट, हे संस्कृतचे व्यासंगी असून त्यांनी आपले नलदमयंतीचे आख्यान जर्मन भाषेत उतरविले होते.

तरुण बेर्गर यांस ज्योतिःशास्त्राची आवड होती. परंतु सैन्यात वर्षभराची नोकरी करीत असता एका प्रसंगाने त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. कवायतीच्या वेळी घोडा उधळून ते तोफगाडीच्या वाटेत कोसळले. गाडी ऐन वेळी थांबली म्हणून प्राण वाचले. त्याच दिवशी घरून कुशल विचारणारी तार आली. भाऊ संकटात आहे, असे दूर असलेल्या भगिनीस अकस्मात वाटले होते! एका मनातील व्यथा दुसऱ्या मनास कशी कळावी, या प्रश्नाने त्यांस झपाटले व ते वैद्यकाकडे वळले.

येना येथील मनोरुग्णालयात ते १८९७ साली रुजू झाले व १९१९ साली त्याचे प्रमुख झाले. तेथे १९२४ साली त्यांनी मानवी मेंदूतील अतिसूक्ष्म विद्युत्स्पंदने प्रथम यंत्राने टिपली. आपली चूक तर होत नाही ना, या शंकेने त्यांनी पाच वर्षे प्रयोग पुनःपुन्हा करून पाहिले आणि १९२९ साली शोध प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या मेंदूत सेकंदास सुमारे दहा लहरी उठतात व डोळे उघडताच त्या मावळतात, असे त्यांस आढळले. विद्वानांनी प्रथम अविश्वास दाखविला; पुढे १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी त्यास पुष्टी दिली. मनोमन संदेशाचे कोडे उलगडले नाही. अपस्माराच्या रोग्यांस मात्र या शोधाचा मोठा उपयोग झाला.

या चरित्राची काळी बाजू आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. नाझी अमदानीत रुग्णांची सक्तीने नसबंदी ठरविणाऱ्या न्यायमंडळावर बेर्गर बसले. ज्यांच्या वेदनांवर उपाय शोधावयाचा, त्यांच्यावरच तो अन्याय होता. अखेर विषण्णतेने ग्रासून १ जून १९४१ रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली.

त्यांच्या लहरी मात्र पुढे वाहत राहिल्या. या लहरींनी संगणक चालविता येईल, असा विचार कॅलिफोर्नियातील झाक व्हिदाल यांनी १९७३ साली मांडला. त्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेने अशा प्रयोगांस द्रव्य पुरविले. त्याच संस्थेने २००६ साली हात गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम हातांची योजना आरंभिली, तर २०१८ साली धडधाकट सैनिकांचे मेंदू शस्त्रक्रियेवाचून यंत्रांशी जोडण्याची. एकाच विद्येने पंगूस हात मिळतो आणि योद्ध्यास नवे आयुधही.

विद्यार्थिमित्रहो, बेर्गर यांची चिकाटी अवश्य घ्यावी; परंतु आपली विद्या कोणाच्या कामी व कोणाविरुद्ध वापरली जात आहे, हे विचारण्याचे धैर्य त्यांच्यापाशी नव्हते, ते आपण अंगी बाणवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.